सपाट स्थळ, क वर्ग

मंगळवेढ्याच्या पुढं आमच्या कुंडलिकदाजींचं जे रान आहे, त्यात बघण्यासारखं काहीही नाही, हे मी सुरुवातीलाच गांभीर्यपूर्वक नमूद करतो. झाड नाही. टेकडी नाही. विहीर नाही. बांधसुद्धा नाही. आपलं कुठं संपतं आणि शेजाऱ्याचं कुठं सुरू होतं हे दाजी नुसतं बघून सांगतात, शेजारी मान हलवतो, त्यामुळं कोर्टात केसही नाही. खाली काळी माती, वर आभाळ, मधे दाजी.

वर्षातून पीक एकच, ज्वारी. हस्ताचा पाऊस पडला आणि जमीन पाय रुतणार नाही इतकी सुकली, म्हणजे वापसा आला, की चार-सहा दिवसांत पेरून मोकळं व्हायचं. ते चुकलं तर ओल जाते, आणि मग वर्षभर घरात भाकरी नाही, बैलापुढं कडबा नाही. म्हणून पावसाळ्यात दाजी त्या रानात कुत्र्यालाही पाऊल टाकू देत नाहीत. ओली काळी माती तुडवली की तिचा दगड होतो.

असल्या जागेवर कुणाचा डोळा असायचं कारण नव्हतं. ते कारण समुद्रावर तयार झालं.

माझं नाव युवराज. पन्नाशी उलटली, राज्याभिषेकाची तारीख अजून निघालेली नाही. राहायला कुंभारीत. टुरिस्ट गाडी चालवतो. लोक हौसेनं जिथं जातात तिथून त्यांना वैतागलेल्या अवस्थेत परत आणणे हा माझा व्यवसाय. मे महिन्यात एक पार्टी घेऊन मी कोकणात खारबंदरला गेलो होतो.

खारबंदरला समुद्र आहे असं ऐकून होतो. असेलही. आम्हाला आधी गाड्या दिसल्या, मग गाड्यांच्या मागं गाड्या. नगरपरिषदेनं शिस्त लागावी म्हणून एकेरी वाहतूक केली होती, दोन्ही बाजूंनी एकेरी. वाळूवर उंट होता, त्याच्या गळ्यात पैसे भरायचा क्यूआर कोड. 'येथे कचरा टाकू नये' हा बोर्ड कचऱ्यामुळं 'येथे क' एवढाच वाचता येत होता. एकानं व्हिडिओसाठी नवी कोरी गाडी पाण्यात घातली, ती रुतली. ती ओढायला ट्रॅक्टर आला, तो रुतला. मग ट्रॅक्टरचा व्हिडिओ काढायला माणसं पाण्यात गेली आणि त्यांना बाहेर काढायला होमगार्ड आला, त्याची चप्पल रुतली. खारबंदरच्या मूळ रहिवाशांनी ओटा, पडवी, मोरी सगळं भाड्यानं देऊन स्वतः पाहुण्यांकडं मुक्काम हलवला होता. आणि त्या रांगेतल्या प्रत्येक गाडीत एक माणूस काच खाली करून म्हणत होता, काय ही लोकांची गर्दी.

शेजारच्या गाडीत पुण्याच्या उत्कर्षाताई होत्या. फिरायला जायचं, त्याचा व्हिडिओ करायचा आणि त्यावर पुढच्या फिरण्याचा खर्च काढायचा, असं त्यांचं काम. त्यांनी मला विचारलं, काका, एखादी शांत जागा नाही का?

माझी जीभ लहानपणापासून खोडकर. म्हटलं, "हाय की. पन तितं काय न्हाय."

"काहीच नाही?"

"काय म्हंजे कायच न्हाय. नजर अडत न्हाय बघा. पाव्हना फाट्यावर उतरला की आमच्या आक्काला चुलीपासनं दिसतो. कोन हाय त्ये चालीवरनंच कळतं. नगं असला तर दाराला कडी लावायला लई येळ मिळतो."

ताईंचे डोळे भरून आले. आमची गाडी अजून हललेली नव्हती.

जूनमध्ये ताई आल्या. दाजींच्या रानाच्या कडेला उभ्या राहिल्या आणि तीन मिनिटं काहीच नाही याचं चित्रीकरण केलं. शेवटी एक बगळा आला, तो त्यांनी कापून टाकला. त्या व्हिडिओखाली हजारो लोकांनी लिहिलं की आपलं खरं आयुष्य हेच आहे. ते लिहिणारे पुढच्या रविवारपासून येऊ लागले.

काहीच नाही बघायला आलेल्या माणसाला सगळ्यात आधी काय दिसायचं, तर काहीच नाही बघायला आलेली दुसरी माणसं. मग ती चित्रात येऊ नयेत म्हणून तो चार पावलं रानात शिरायचा. दाजी काठी घेऊन धावायचे. लोक म्हणायचे, अस्सल माणूस आहे, आणि काठीसकट फोटो घ्यायचे. शांतता नीट अनुभवता यावी म्हणून एका ग्रुपनं स्पीकरवर शांततेचं संगीत लावलं. दुसऱ्या ग्रुपला ते ऐकू जाईना, म्हणून त्यांनी आपलं लावलं. गावकरीही काही मागं राहिले नाहीत. सपाट मिसळ निघाली, सपाट चहा निघाला. शेजाऱ्यानं पार्किंगसाठी आयुष्यात पहिल्यांदा बांध घातला, तो दाजींच्या हद्दीत दोन हात आला, आणि पिढ्यान्‌पिढ्या नजरेवर चाललेली हद्द वकिलाकडं गेली. जुलैअखेर एका ट्रकातून खारबंदरचा उंट उतरला. तिकडं धंदा बसला म्हणाला. म्हणजे उंटवाला म्हणाला. उंटाचं मत कुणी घेतलं नाही.

एवढी गैरव्यवस्था झाल्यावर व्यवस्था येणं क्रमप्राप्त होतं. ऑगस्टमध्ये हत्तुरेसाहेब आले. पर्यटनाच्या कामासाठी नेमलेले, भला माणूस, हसतमुख, फाइल कधी खाली ठेवली नाही. त्यांनी दाजींना हार घातला आणि सांगितलं की आपलं रान शासनानं 'सपाट स्थळ, क वर्ग' म्हणून विचारात घेतलंय. वर्ग मिळवायचा तर सुविधा हव्यात: कमान, पेव्हर ब्लॉक, बदामात फोटो काढायची चौकट, आणि मधोमध मनोरा.

दाजींनी विचारलं, मनोरा कशाला?

"सपाटी बघायला उंची लागते, काका."

"आन् खालनं बघनाऱ्याच्या आड येनार न्हाय का त्यो?"

"येणारच. म्हणून तर वर जायचं," साहेब म्हणाले. "वर गेलं की मनोरा दिसत नाही."

दाजींनी मान वर करून आभाळात मनोरा मावतो का ते बघितलं. ती हललेली मान साहेबांनी संमती म्हणून लिहून घेतली.

पण खरा घाव पुढं होता. सप्टेंबरात नोटीस आली. ज्वारी पुरुषभर वाढते, त्यामुळं पर्यटकांच्या दृष्टीस अडथळा होतो, सबब गुडघ्यापेक्षा उंच पीक हे अनधिकृत समजण्यात येईल आणि अंतिम पाहणी होईपर्यंत पेरणी करू नये. दाजी नोटीस घेऊन साहेबांना भेटले. मग खायाचं काय, म्हणाले. साहेबांनी मनापासून विचार केला आणि लॉन सुचवलं.

आमची आक्का, म्हणजे दाजींची बायको बजाबाई, चुलीपुढं होती. तिनं तिथूनच विचारलं, "त्ये बैल खात्यात का मानसं?"

हस्त लागला आणि यंदा चांगला लागला. पाऊस झाला, उघडीप झाली, रान सुकायला लागलं. दाजी रोज पहाटे कडेला बसून मातीचा गोळा करायचे, फोडायचे, वास घ्यायचे आणि घरी यायचे. पेरणीची तिफण धुऊन-पुसून अंगणात उभी. दोन दिवस त्यांनी ताटाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी आक्काचा फोन आला.

"युव्या, वापसा आलाय. परवा साहेब येनार हाय. ही पीडा तू आनलीस, तूच न्हे."

मी निघताना कुंभारीतल्या एका बांधकामावरून गवंड्याचा लेव्हल पाईप मागून घेतला. पारदर्शक नळी, आत पाणी. दोन्ही टोकं वर धरली की पाणी दोन्हीकडं एका पातळीला उभं राहतं. बांधकामावरची सपाटी अशीच मोजतात.

पाहणीच्या दिवशी साहेब, त्यांचा क्लार्क आणि फाइल असे तिघं आले. मी हात जोडून म्हटलं, साहेब, सगळं झालं, फक्त एकच विचारतो. रान सपाट आहे याचा दाखला फाइलीत आहे का?

साहेबांनी फाइल चाळली. कमानीचा नकाशा होता. मनोऱ्याला पक्ष्यांची हरकत नसल्याचं पत्र होतं. सपाटीचा दाखला नव्हता.

"दिसतंय की डोळ्यांना," साहेब म्हणाले.

"तुमच्या डोळ्याला दिसतंय, साहेब. ऑडिटच्या डोळ्याला दिसंल का?"

हत्तुरेसाहेब पावसाला, मोर्चाला, कुणाच्याच बापाला भीत नाहीत. पण हा शब्द ऐकला आणि त्यांनी फाइल पहिल्यांदा खाली ठेवली. मोजा, म्हणाले.

नळीचं एक टोक साहेबांच्या हातात, एक माझ्या. दाजींनी कडेकडेनंच जायची अट घातली. आता एक गोष्ट प्रत्येक गवंड्याला ठाऊक असते आणि कुठल्याच साहेबाला ठाऊक नसते: नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं की आतलं पाणी हलत नाही. मग टोक डोक्यावर धरा नाही तर पायाशी, पाणी तक्रार करत नाही. मी दर टप्प्याला अंगठा दाबायचो आणि टोक जरा खाली धरायचो. साहेब पाणी बघून मान हलवायचे, क्लार्क जमिनीपासून माझ्याकडच्या पाण्यापर्यंतचं माप लिहायचा; पाणी जमिनीजवळ आलं की कागदावर जमीन चढायची. आमच्या खानदानाचे अंगठे आजवर कागदावर लागले आणि दरवेळी जमीनच गेली. जमिनीच्या बाजूनं लागलेला हा पहिलाच अंगठा.

रान संपलं तेव्हा कागदावर उतार दोन पुरुष झाला होता.

साहेबांनी रानाकडं बघितलं. रान पोळपाटासारखं होतं. मग कागदाकडं बघितलं. कागदावर डोंगर होता. अखेर त्यांनी कागदावर विश्वास ठेवला, कारण पगार रानातून येत नाही.

"कमाल आहे," ते म्हणाले, "नजरेची केवढी फसवणूक." क्लार्कनं अदबीनं विचारलं की मग हे आता थंड हवेच्या ठिकाणात बसवायचं का. साहेबांनी कपाळाचा घाम पुसला आणि नको म्हणाले.

मग मला विचारलं, वर्षअखेरीच्या आत एक तरी सपाट स्थळ दाखवायचंय, नाहीतर निधी परत जाईल, कुठं आहे सपाट?

म्हटलं, "ज्येनं सपाट मोजतो त्येच बघा की, साहेब. पानी. झाड न्हाय, बांध न्हाय, ज्वारी तर उगवतच न्हाय. नजर अडत न्हाय. खारबंदरला लई पडलंय."

साहेबांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो मी आजवर फक्त टोलनाक्यावर गाडी सुटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर बघितलाय.

सूर्य मावळायच्या आत दाजींनी तिफण जुंपली. आक्का मागं बियाण्याच्या चाड्यावर मूठ धरून चालली. कडेचा पट्टा लोकांनी तुडवून दगड केला होता, तो तेवढा वाया गेला. बाकीचं उगवलं.

पुढचं तुम्ही फोनवर बघितलं असेल. खारबंदरला शासनमान्य सपाट स्थळाचा दर्जा मिळाला. कमान झाली, मनोरा झाला. उंट त्याच ट्रकातून परत गेला. उत्कर्षाताईंनी समुद्राचा तीन मिनिटांचा व्हिडिओ टाकला, त्यात काहीच नाही, आणि हजारो लोकांनी लिहिलं की समुद्राकडं आम्ही असं कधी बघितलंच नव्हतं. ते खरं होतं. एकेरी वाहतूक पुन्हा दोन्ही बाजूंनी सुरू झाली.

दाजींची ज्वारी आता डोक्याच्या वर गेलीय. फाट्यावरून येणारा माणूस दिसत नाही. मी मागच्या आठवड्यात न कळवता गेलो, आक्काला कडी लावायला वेळच मिळाला नाही. तिनं भाकरी वाढली आणि विचारलं, आता कुनाला काय सांगून आलायस?

तेवढ्यात उत्कर्षाताईंचा फोन आला. खारबंदर पुन्हा फार बिघडलं म्हणाल्या. लोकांना शिस्तच नाही. काका, अशी आणखी एखादी जागा सुचवा ना, जिथं बघण्यासारखं काहीच नाही.

मला एकदम तुमची आठवण झाली. मे महिन्यात त्या रांगेत माझ्या मागच्या गाडीत काच खाली करून लोकांच्या गर्दीबद्दल बोलत होता ते तुम्हीच ना? आणि आत्ता वाचताना दाजींचं रान नेमकं कुठल्या फाट्यावर, हे मनातल्या मनात शोधलंत तेही तुम्हीच. आमच्या गल्लीत काय आहे बघण्यासारखं, असं तुम्ही नेहमी म्हणता.

तर ताईंना तुमचाच पत्ता दिलाय. हत्तुरेसाहेब कमानीचं माप घ्यायला येतील, उंटाची सोय तेवढी आतापासून बघून ठेवा. आणि कडी लावायची असेल तर आत्ताच लावा. तुमच्या दारातून फाटा दिसत नाही.