अमेरिकेची काळजी आणि वरची खोली

आमच्या पुंडलिकनगरात अमेरिकेतल्या काळ्या माणसांची काळजी वाहणारा एकच गृहस्थ आहे, तो म्हणजे आमचे शेजारी साहेबराव आण्णा. लोक सकाळी उठून देवाचं नाव घेतात, आण्णा मोबाईलवर अमेरिकेच्या बातम्या लावतात. आवाज असा की माझ्या ओट्यावरचं दूध दचकून उतू जावं! मग तोंडात ब्रश घेऊन फाटकाशी येतात आणि फेस सांभाळत मला म्हणतात, "साळवे बाई, ऐकलं का? लई अन्याय हाय हो तिकडं!"

मी शाळेत शिकवते. सकाळी मला दोन डबे भरायचे असतात, साडी नेसायची असते, बस गाठायची असते. पण अमेरिकेत अन्याय चालू असताना डब्याचं काय घेऊन बसलात, असा आण्णांचा चेहरा असतो.

आण्णा पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले. फुलंब्रीकडं गावाला बागायती जमीन, इथं दुमजली घर. एकुलती एक लेक वैशाली अमेरिकेत असते. ती आणि जावई दोघंही कॉम्प्युटरवाले. आण्णांची बायको, आमच्या कमलवहिनी, वारल्या तेव्हा वैशाली बापाला सहा महिने तिकडं घेऊन गेली. बाकीचे लोक तिकडून येताना चॉकलेटं आणतात. आण्णांनी विषमता आणली.

तेव्हापासून जगातली प्रत्येक गोष्ट अमेरिकेतून फिरून येते. नळाला पाणी यायचा दिवस म्हणजे आमच्या गल्लीत लगीनघाई. जो तो मोटार लावून पाईप ओढतोय, आणि आण्णा मधोमध उभे राहून सांगतायत, "तिकडं गावातून रेल्वेचा रूळ जातो. रुळाच्या अलीकडं गोऱ्यांचे बंगले, पलीकडं काळ्यांची खुराडी. घर चांगलं नाय म्हणून शाळा चांगली नाय, शाळा नाय म्हणून नोकरी नाय, नोकरी नाय म्हणून घर नाय. चक्कर हाय ही, बाई! माणूस वाईट नसतो, शिस्टीम वाईट असती."

मेक्सिकन माणूस छपरं घालतो आणि बागा झाडतो, मूळचा आदिवासी तर हिशेबातच नाही, हेही ते कळवळून सांगत. फक्त एका ठिकाणी त्यांची छाती फुगे. "आपले लोक मात्र तिकडं गोऱ्यांच्याबी वर गेले!"

"कोणते आपले, आण्णा?"

"आपले म्हणजे... आपलेच की."

मी एकदा विचारलं, "आण्णा, तुमच्या गावात रूळ आहे का हो?"

"छे छे! आमच्या गावात तसलं काय नाय. सगळे गुण्यागोविंदानं ऱ्हातात. तुमच्या लोकांची वस्ती ओढ्याच्या पल्याड हाय, तेवढीच."

काय बोलणार! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसायला चष्मा लागत नाही, हेच खरं. आम्ही इतकी वर्षं शेजारी, पण आण्णांनी माझ्या घरचा चहा कधी घेतला नाही. विचारलं की ठरलेलं उत्तर, "आत्ताच झाला, बाई." दिवसाच्या कुठल्याही वेळी जा, या माणसाचा चहा आत्ताच झालेला असतो. कमलवहिनी मात्र माझ्या स्वयंपाकघरात बसून ठेचा-भाकरी खायच्या आणि म्हणायच्या, "रमाताई, आमच्या ह्यांना सांगू नका, उगं बीपी वाढवून घेतील."

गेल्या श्रावणात आण्णा न्हाणीत पडले. दाराला लॅच, चावी आत. दूधवाल्यानं हाका मारून गल्ली गोळा केली. शेवटी माझ्या नवऱ्यानं मागच्या खिडकीचे गज काढले, आत शिरून आण्णांना बाहेर आणलं आणि रिक्षात घातलं. हाड मोडलं नव्हतं, पण वैशालीनं तिकडून बजावलं, "दिवाळीपर्यंत वरच्या खोलीत कुणीतरी भाडेकरू ठेवा, नाहीतर घर विकून इकडं या." आण्णा लगोलग फाटकाशी आले. मला म्हणाले, "बाई, तिकडं मरायचीबी अपॉइंटमेंट घ्यावी लागती. मी कमलचं घर सोडून जानार नाय. वर एखादा चांगला माणूस बघून द्या."

माणसं येऊ लागली. शहागंजातल्या कापड दुकानदाराचा मुलगा आला. फाटकातून म्हणाला, "चचा, रूम खाली है ना?" आण्णांनी नाव विचारलं आणि लगेच गहिवरून म्हणाले, "अरे बेटा, कल ही गया!" बजाजनगरहून कंपनीतला एक पोरगा आला. त्याचं आडनाव ऐकून आण्णांना एकदम त्या खोलीची गळती आठवली.

मग मी माझ्या ओळखीतल्या एका मुलीला घेऊन गेले. प्रिया जाधव, दवाखान्यात नर्स. पडणाऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे?

"जाधव? आरे वा! कुठले जाधव?"

"लासूरकडचे, काका."

"झकास! बस, बस. पाणी घे. घरी शेती असंल?"

"आहे थोडी."

"आन् मामाचं आडनाव काय म्हणलीस?"

पोरीनं काहीच म्हटलेलं नव्हतं. आता म्हणाली, "कांबळे."

आण्णांचा चेहरा लाईट गेल्यासारखा झाला. भिंतीवरच्या कमलवहिनींच्या फोटोकडं बोट दाखवून हळूच म्हणाले, "माझं काय नाय हो पोरी. पण हिचं जरा असतं."

फोटोला चंदनाचा हार! पोरगी फोटोकडं बघते, माझ्याकडं बघते. तिनं ग्लास खाली ठेवला आणि गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जिवंतपणी जिनं कुणाला उंबऱ्यातून परत पाठवलं नाही, तिच्या नावावर हा माणूस आपलं पाप खपवत होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत ब्रश, परत फेस, परत "लई अन्याय हाय हो तिकडं!"

दिवाळी तोंडावर आली तरी खोली रिकामीच. एका रविवारी आण्णा तणतणत माझ्या घरात शिरले. हातात मोबाईल, डोळे लाल.

"बाई, माझ्या लेकीला घर नाकारलं! माझ्या वैशालीला!"

"बसा आधी. चहा ठेवू?"

"आत्ताच झाला. ऐका तर! नोकरी दुसऱ्या गावी लागली म्हणून भाड्याचं घर बघत हुते. घरमालक फोनवर गोड बोलला. आन् हे दोघं दारात गेले, तर ह्यांची तोंडं बघून म्हणतो, कालच गेलं! पैसा हाय, शिक्षण हाय, काय कमी हाय माझ्या पोरीत? जावई भांडला तवा म्हणाला, माझं काय नाय, पण माझ्या बायकोला मसाल्याचा वास चालत नाय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई! म्हणजे तिकडंबी कमलवहिनीच हायेत का?"

आण्णांनी मोबाईल खिशात घातला. चपला पायात सरकवून निघून गेले. मला वाईट वाटलं का? मुळीच नाही. चांगल्या दोन पोळ्या जास्त जेवले मी त्या दिवशी.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारून अमेरिका आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. दूध शांतपणे तापलं, डबे वेळेवर भरले, आणि माझा जीव काही थाऱ्यावर येईना. मेलं, हे काय आता? दूधवाल्याला विचारलं तर म्हणाला, "दार उघडतात, दूध घेतात, बोलत नायत."

संध्याकाळी स्वतःच आले. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. खुर्चीच्या काठावर टेकले आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "बाई, कमलनं जन्मात कुणाला नाय म्हणलं नाय. नाय म्हणनारा मीच. तिच्या नावावर खपवलं, कारण फोटो काय उलटून बोलत नाय. असती तर लाटणं घेऊन उठली असती." मग जरा थांबून म्हणाले, "त्या पोरीला फोन लावा. म्हणावं, आजपासून ऱ्हा."

मी स्पीकरवर फोन लावला. प्रियानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, मला दवाखान्याजवळ खोली मिळाली. आणि काकांना सांगा, माझं काही नाही हो, पण आमच्या आईचं जरा असतं."

फोन बंद झाला. मला वाटलं, आण्णा आता चिडतील. तर हळूच म्हणाले, "बरोबर हाय तिचं." आणि मग, इकडंतिकडं बघत, "आज चहा नाय का, बाई?"

मी कशाला सोडते! "का? आत्ताच झाला नाही का?"

"नाय. परवापासून केलाच नाय. एकट्यापुरता काय करायचा?"

चहा ठेवताना माझी पाठ त्यांच्याकडं होती ते बरं झालं, कारण माझे डोळे भरून आले होते. कप दिला. दोन्ही हातांनी धरून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. उठताना खिशातून एक चांदीचा छल्ला काढून टेबलावर ठेवला. कमलवहिनी कंबरेला खोचायच्या तो. त्याला घराची चावी.

"ही असू द्या तुमच्याकडं. परत कधी पडलो-बिडलो तर तुमच्या मालकांना गज काढायचा तरास नको."

वरची खोली अजून रिकामी आहे. फाटकावर पाटी लावलीय, वैशालीनं मुदत संक्रांतीपर्यंत वाढवलीय. आडनाव विचारायचं सोडलंय असं आण्णा छातीठोक सांगतात. माझा विश्वास नाही, म्हणून कुणी फाटकाशी आलं की मी कुंडीला पाणी घालायच्या निमित्तानं बाहेर जाते. परवा एकाला "मामा कुठले?" म्हणता म्हणता त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि "मामा बरे हायेत ना?" असं विचारलं.

छल्ला माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलाय. सकाळी उठून मी आधी कान देते. शेजारी अमेरिका ओरडायला लागली की मग चहाचं आधण ठेवते. एका कपाचं पाणी जास्त घालते.