चष्म्याला इंचभर माया

माझ्या सुनेला एक फार वाईट खोड आहे. ती उलट बोलत नाही!

तुम्ही म्हणाल, बाई, नशीब काढलंत. असलं नशीब तुम्ही काढून बघा! भांडायचं तर समोर माणूस लागतं. मी तावातावाने तोंड सोडावं आणि हिने "हो आई" म्हणून काजं करायला बसावं. भिंतीवर चेंडू मारला तर तो तरी परत येतो!

पुढच्या खोलीत आमचं शिवणकामाचं दुकान, मागे घर. चौथीत शाळा सुटली तेव्हा हातात कात्री आली, ती आजतागायत सुटली नाही. सून सहा वर्षं मशीनवर बसतेय. शिवते झक्क. पण कापणं माझं! शिवण उसवता येते, कापलेलं कापड काही पुन्हा जुळत नाही. ते काम जोखमीचं, म्हणजे अर्थातच माझं.

तर त्या दिवशी वकीलबाई काळं कापड घेऊन आल्या. भावाने परदेशातून आणलेलं, मोजून एका कोटापुरतं.

"मावशी, दोन आठवड्यांनी सोमवारी माझी पहिली मोठी केस आहे. तुम्हीच कापायचा हं! हे वाया गेलं तर दुसरं मिळायचं नाही."

"अहो, डोळे मिटून कापीन!" मी म्हटलं.

आणि त्या गेल्यावर सुईत दोरा ओवायला बसले. दोरा सुईच्या उजवीकडून गेला, डावीकडून गेला, सात वेळा गेला, पण आत काही गेला नाही!

सून बघत होती. "आई, चष्मा करूया?"

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"हो आई," म्हणाली, आणि मशीनच्या तेलाच्या डब्याखालून डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी काढली. चार महिन्यांपूर्वी मीच तिथे दडपली होती. तेलाचे डाग पडले होते, पण नंबर मेला स्वच्छ दिसत होता!

मग तिने फोन पुढे केला. त्यात म्हणे आपलाच चेहरा दिसतो आणि वर चष्मे चढतात. एकात मी घुबड दिसले, एकात गांधीलमाशी. तिसऱ्यात मात्र अशी दिसले की मीच मला नमस्कार केला असता!

"हा डिझायनर आहे आई."

"डिझायनर म्हणजे?"

"मोठ्या माणसाने आकार ठरवलेला."

"मग मी कोण? आयुष्यभर लोकांचे आकार मीच ठरवतेय!"

त्यासोबत उन्हाचा काळा चष्मा अर्ध्या किमतीत होता. तोही सांगितला. अर्ध्यावर सोडणं माझ्या स्वभावात नाही.

पुढे फोनने माप विचारलं. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, चेहऱ्याची रुंदी, सगळं.

"कपाळाला एटीएमचं कार्ड लावून फोटो काढायचा असतो," सून म्हणाली. "माप तोच घेतो."

"या घरात माप कार्डाने घ्यायचं? टेप आण!"

आरशासमोर उभी राहिले आणि टेप लावली. सुनेने आकडा वाचला, "त्रेसष्ट मिलिमीटर."

"अठ्ठ्याऐंशी लिही."

"आई?"

"इंचभर माया नको का सोडायला?" शिवणीत कडेला जादा कापड ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. "सैल असलं तर आत घेता येतं. घट्ट झालं तर बाहेर काढायला कापड कुठून आणणार?"

कोपऱ्यात आमचे हे पेपर वाचत होते. "अगं, डोळे काय अंगाने भरतात का?"

"तुमची अक्कल भरली नाही म्हणून कुणाचंच काही भरत नाही असं नसतं!"

सुनेने "हो आई" म्हणून आकडा टाकला. फोनवर लाल अक्षरं उमटली, माप पुन्हा तपासा म्हणून. बघा! यंत्राला तोंड आहे, हिला नाही! शेवटी अठ्ठ्याहत्तरवर तडजोड झाली. चेहऱ्याच्या रुंदीला मात्र मी पूर्ण इंच वाढवून घेतला.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून मुलीचा फोन. "मॅडम, हे माप नक्की तुमचंच आहे ना?"

"बाळ, चाळीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाला फोन करून, तुमची कंबर नक्की एवढीच ना, असं विचारलेलं नाही!"

पुन्हा फोन आला नाही.

चष्मे आले ते थेट केसच्या सोमवारच्या आदल्या शनिवारी. खोकं उघडलं. चष्मा कसला, खिडकीची चौकट! नाकावर ठेवला तर गालांवरून घसरगुंडी खेळत हनुवटीला येऊन थांबला.

"परत पाठवूया का?" सून.

"बिघडलंय काय त्याला?" मी दोन्ही काड्यांना इलास्टिक शिवून डोक्यामागे ताणलं. चष्मा जागेवर बसला, पण जमीन उठून उभी राहिली!

हात साफ करायला आधी ह्यांची पँट घेतली. नवीनच होती, खालून फक्त दोन बोटं कापायची. कापली. ह्यांनी घातली. एक पाय घोट्याशी, दुसरा गुडघ्याशी!

"ही फुल पँट होती गं!"

"आता हवेशीर झाली!"

त्यांनी वैतागून काळा चष्मा चढवला आणि तसेच दूध आणायला निघाले. शेजारचा न्हावी दुकानातून ओरडला, "काका, कोणत्या समुद्रावर?"

इतकं झालं तरी मी कोटाचं कापड टेबलावर पसरलंच. खडूच्या खुणा केल्या. एकीच्या दोन रेघा दिसायला लागल्या. म्हटलं, बाहेरची धरावी. कात्री उघडली, पातं लावलं—

"आई, थांबा!"

गंमत बघायला दारात आलेला न्हावी दचकला. मी दचकले. सुनेने चक्क कात्रीचं पातं मुठीत धरलं होतं!

"ती रेघ खडूची नाही! टेबलाच्या फळीची फट आहे ती! तिच्या रोखाने कात्री गेली तर पुढे पाठीचे दोन तुकडे होतील! वकीलबाईंनी सोमवारी काय घालायचं? ही फळी?"

"मग खरी रेघ कुठली?"

हे मी विचारलं. मी! जन्मात कुणाला विचारलं नव्हतं. इलास्टिक सोडवलं आणि कात्री तिच्या हातात दिली. तिने श्वास रोखला आणि करकर कापत गेली. हात एकदाही अडला नाही. मी मेली टाचण्या पुरवत उभी!

रविवारी संध्याकाळी वकीलबाई कोट घालून आरशासमोर फिरल्या. खांद्यावर सुरकुती नाही, पाठीत झोळ नाही. जणू अंगावरच उगवलेला!

"मावशी, तुमच्या हाताला तोड नाही!"

सून मान खाली घालून टाचण्या गोळा करत होती. गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. जिभेवर "हो" आलंही होतं!

"हात माझा नाही, हिचा," मी म्हटलं. वकीलबाई वळून बघायला लागल्या आणि सून लाल झाली. मग मी तिलाच ठणकावून सांगितलं, "बरं कापलंस. उद्यापासून कात्री तुझी. पण मापं मीच घेणार! तुझ्यावर सोडलं असतं तर तो चष्मा मला घट्ट झाला असता!"