राणीसाहेबांच्या लांब कुदळीची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न. धरित्रीस नमस्कार, कमरेस त्रिवार नमस्कार. शके एकोणीसशें नऊ, प्रभवनाम संवत्सरीं, वैशाख मासीं, परसाएवढ्या एका राज्यांत बंड जाहलें, तें ऐसें. राणीसाहेब वेणूताई, वय सदुसष्ट, दरसाल परसांत हळद लावीत असत. ते सालीं कंबर धरली आणि वैद्यांनीं वाकण्याची मनाई केली. मग राजे सदानंदराव यांनीं फर्माविलें, "हळद पुरे. आदितवारीं गवंडी येईल, फरशी घालूं." राणीसाहेबांचा जीव त्या वाफ्यांत. म्हणाल्या, "त्याआधीं न वाकतां वाफा खणून दाखवला तर?" राजे हांसले आणि बोलिले, "खणा राणीसाहेब! गवंड्याला मीच परत धाडीन."

मग राणीसाहेबांनीं थोर मसलत केली, कीं दांडा लांब केल्यास वाकणें नलगे. हें पूर्वीं त्रिभुवनांत कोणास सुचलें नाहीं, ऐसा त्यांचा पक्का समज. आणि जळमटें काढण्याचा बांबू कुदळींत बसविला, तो सैल जाहला, मग जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबिल्या, आणि पदर खोचून रणीं उभ्या राहिल्या. वार करावयास कुदळ उचलली, तों ती मागें कपडे वाळत घालण्याच्या दोरींत अडकली आणि राजांचें ओलें धोतर राणीसाहेबांच्या मस्तकीं आलें. "निशाण छान फडकतंय!" राजे ओसरीवरून ओरडले. दुसऱ्या वारास बांबू कडकन मोडला, आणि राणीसाहेब मातींत बसत्या जाहल्या. सून कुमुद धांवत आली. "आई, लागलं का हो?"

"नाही गं. उठवू नको मला. आधी पाट आण."

कारण कुदळीस हातभर बांबू उरला होता, आणि बसल्या जागेवरून तो नेमका पुरत होता. मग पाट पुढें सरकवीत राणीसाहेबांनीं सांजेपर्यंत अवघा वाफा खणिला, आणि "हे वाकणं नव्हे, बसणं आहे," ऐसा निवाडाही स्वतःच दिला. राजांनीं मुकाट गवंड्यास निरोप धाडिला. फत्ते जाहली, परंतु विजयी राणीस रणांतून उठतां येईना, तेव्हां एका हातास राजे आणि दुसऱ्यास सून ऐसे लागून त्यांस घरांत आणिलें.

पुढें गवंड्यानें शेजारच्या राज्यांत फरशी घातली. कुमुद ओल्या हळदीच्या लोणच्यांत निपुण जाहली. राणीसाहेबांनीं लांब दांड्याचा विषय पुन्हां काढिला नाहीं. राजे, दरवेळीं उठवावयास यावें लागतें म्हणून, शेजारींच दुसरा पाट मांडून बसूं लागले, आणि मग त्यांसही उठवेना. येणेंप्रमाणें राज्य राखिलें. उठण्याचा अधिकार तेवढा सुनेच्या हातीं गेला.