निजलेली लोकर

सासरी येऊन मला आठच दिवस झाले होते. भरदुपारी शेजारचे दाजीकाका न विचारता घरात शिरले, घोरत पडलेल्या मामंजींच्या अंगावरची शाल ओढली, गॅलरीत नेऊन फटाफट झटकली आणि परत आणून त्यांच्या अंगावर नीट घातली. मामंजींचं घोरणं काही तुटलं नाही. मी मात्र चोर समजून लाटणं उगारून उभी.

"हळू गो सूनबाय," काका म्हणाले, "लोकर निजली की कसर जागी होते."

गिरगावातल्या आमच्या चाळीला या झटकाझटकीची सवय होती. दाजीकाका कसरीने, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीने, खाल्लेले गालिचे दुरुस्त करायचे. बंगल्यांतले, पेढ्यांतले गालिचे त्यांच्या एका खोलीत येऊन पसरायचे आणि काका कडेकडेने राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "बायकोला ठेवू कुठे? गुंडाळून?"

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास. म्हणजे जगातलं सगळं कळून चुकलेली. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा गल्लीत शिरला की गॅलरीतून इतकी किंचाळायची, की खालचे मोर्चेवाले दचकून वर बघत. अशी ही रणरागिणी सासूबाईंच्या पापडांना मात्र घाबरायची. लाटायला बसवतील म्हणून दुपारची मी काकांकडे पळायची, त्यांच्या सुया ओवून द्यायला.

त्या दुपारी अजून माझ्या स्वप्नात येतात. गालिचा पालथा घालून त्याला ऊन दाखवायचं. मऊ कुंचल्याने कसरीची अंडी झाडायची. झाडताना लोकरीचे तंतू उन्हात तरंगायचे, खाली उतरायला विसरल्यासारखे. बिस्किटांच्या डब्यांत काकांच्या लोकरीच्या लडी असायच्या आणि रंगांना त्यांनीच ठेवलेली नावं. "तो पिकल्या रतांब्याचा लाल दे. नाय गो, हा कोकमाच्या साराचा झाला." तासन्‌तास मी त्या रंगांत हरवायची. दूर कुठे ट्रामची घंटा वाजली की आपण गिरगावात आहोत हे आठवायचं.

"कसर मोठी चोखंदळ," काका शिकवायचे. "वरची लोकर खाते, खालच्या सुताला तोंड लावत नाय. गाय कुरणात चरावी तशी वरवर चरते."

त्या वर्षी शहर पेटलेलं. संचारबंदी लागायची, उठायची, परत लागायची. त्यातच भुलेश्वरच्या जमनाबेनचा गालिचा आला. जमनाबेन म्हणजे म्हातारी गुजराती विधवा. मुलगे आफ्रिकेत, घर भलंमोठं. दरवर्षी न चुकता तिचा गालिचा यायचा.

खालच्या मजल्यावरचा गणू दारात येऊन म्हणाला, "काय काका, लोक मुंबईसाठी लाठ्या खातायत आणि तुम्ही शेठाणीचा गालिचा शिवताय?"

"कसरीला भाषावार प्रांतरचना कळत नाय रे, गणू," काका म्हणाले. गणू हात झटकून जिना उतरला. मला मनातून गणूचंच पटलं होतं.

गालिचा पालथा घातला आणि माझे डोळे चमकले. भोकं गोल, कडा साफ आणि खालचं सूतसुद्धा तुटलेलं! "काका, ही कसर नव्हेच! कात्री आहे कात्री! मुद्दाम कापलंय. मी सांगते तिला तोंडावर!"

काकांनी सुई खाली ठेवली. पहिल्यांदाच ते मला घाबरलेले दिसले.

"गेल्या वर्षीही कात्रीच होती. त्याच्या आदल्या वर्षीही," ते हळूच म्हणाले. "गालिचा पोचवायला गेलो की दोन तास बसवून घेते गो. कसर कुठे होती, कशी काढली, सगळं विचारते. मीही सांगतो. मला कळलंय हे तिला कळता नये हां. लाजेल बिचारी. मग बोलावणार नाय परत."

मी सुई ओवायला घेतली. दोरा चार वेळा चुकला.

एका सकाळी संचारबंदी उठली. काकांनी केसांना तेल लावलं, परीटघडीचा सदरा घातला. गालिच्याचं एक टोक त्यांच्या खांद्यावर, एक माझ्या. ओस रस्त्यांवरून आम्ही भुलेश्वर गाठलं.

जमनाबेन जिन्यातच उभी होती. "आवो, आवो दाजीभाई! मला वाटला, या धांधलीत तुमी नाय येणार." गालिचा उलगडला. तिने त्यावरून हात फिरवला, आणि मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू पण होती ने कामाला? तू बघितली कसर?"

काका गालिच्याच्या झालरीशी चाळा करत होते. मान वर नाही.

खरं ते तोंडावर बोलायचा मला केवढा अभिमान! मी म्हटलं, "अहो बेन, कसर म्हणजे काय! एवढी मी जन्मात पाहिली नाही. जुनाट आहे. पुढच्या वर्षीही लागणार बघा."

म्हातारीच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती सैल झाली. "मग बसा ने," ती म्हणाली, "नीट सांगा." आतून चहा आला.

काका ऐसपैस मांडी घालून बसले आणि सांगू लागले. अंडी कुठे होती, अळी कुठून आली, झाडताना पाकोळी कशी उडाली. त्या नसलेल्या पाकोळीच्या पंखांचा रंगसुद्धा सांगितला त्यांनी.