झुबेरची पगारी रजा

"हमरियात कोणाला पत्ता लागणार नाय! सगळं ठरवलंय मी!" हुसैनमियाँनी छाती ठोकून सांगितलं, आणि शकीलाबींनी तेव्हाच कपाळाला हात लावला.

साल २०१६. तेलाचे भाव घसरले, ओमानमधल्या सोहारच्या एका कारखान्याने माणसं कमी केली आणि त्यांचा एकोणतीस वर्षांचा झुबेर दोन बॅगा अन् एक राइस कुकर घेऊन मस्कतच्या हमरिया वस्तीत, आईवडिलांच्या घरी परतला. व्हिसा आणखी पाच महिने होता. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची होती.

शकीलाबी मनातून खूश होत्या. कित्येक वर्षांनी रोज तीन ताटं मांडायची होती. झुबेर आपल्या शाळेच्या दिवसांतल्या खाटेवर झोपायचा, पाय पोटऱ्यांपर्यंत बाहेर. दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा तशाच होत्या. हुसैनमियाँनी त्या चौकटीला अठ्ठावीस वर्षांत रंगाचा ब्रश लागू दिला नव्हता. शुक्रवारी तिघं मत्रहच्या समुद्रावर जायची, तिथे हुसैनमियाँ त्या दाढीवाल्या मुलाला विचारायचे, "आइस्क्रीम घेतंस?" आणि तो घ्यायचा!

फक्त मुलगा बेकार आहे, हे तोंडातून निघेना. म्हणून समोरच्या दुकानदाराला, बदरुद्दीनला, त्यांनी सांगितलं, "पगारी रजेवर आलाय." पुढच्या आठवड्यात झुबेर सीनियर इंजिनिअर झाला, त्याच्या पुढच्या आठवड्यात मॅनेजर! सोहारमध्ये सात वर्षांत जी बढती मिळाली नाही, ती अब्बांनी दोन आठवड्यांत दिली. रोज सकाळी आठला झुबेर टाय लावून पुढच्या दाराने 'मीटिंगला' निघायचा आणि नऊला मागच्या जिन्याने येऊन झोपायचा.

मग एके दिवशी दुपारी हुसैनमियाँच्या जुन्या कंपनीच्या ऑफिसातला जयप्रकाश फाइल घेऊन दारात उभा राहिला.

"हुसैनचाचा, अभिनंदन! बदरुद्दीनशेठ म्हणाले, झुबेर मॅनेजर झाला. आता इथेच राहतो ना?"

"इथेच! घर कसं भरल्यासारखं वाटतं बघ!"

"मग चाचा, घर सोडावं लागेल."

तीस वर्षं कंपनीचं गोदाम सांभाळून हुसैनमियाँ निवृत्त झाले, तेव्हा कंपनीने दोघा म्हाताऱ्यांना आपल्या याच घरात पुढेही राहू दिलं होतं. अट एकच: कमावतं मूल सोबत राहायला आलं की सवलत खलास.

"अरे, तो मॅनेजर नाय!"

"मग? सीनियर इंजिनिअर?"

"काहीच नाय! नोकरी गेली त्याची! बेकार आहे तो!"

जयप्रकाश हसला. "काय चाचा! घरासाठी पोराला बेकार करता? सकाळी मी स्वतः पाहिलंय, टाय लावून निघाला होता."

"ती टाय माझी आहे रे!"

"नका हो. मला वर उत्तर द्यावं लागतं."

शकीलाबी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "जयप्रकाश, इकडे ये." त्यांनी आतलं दार ढकललं. दुपारचे बारा वाजले होते आणि टाय लावलेला मॅनेजर लहानपणीच्या खाटेवर तोंड उघडं टाकून घोरत होता!

"कमावता माणूस असा झोपतो?" शकीलाबी म्हणाल्या.

जयप्रकाशने हळूच दार ओढून घेतलं आणि कुजबुजला, "लिहून द्या चाचा. स्वतःच्या हाताने."

हुसैनमियाँनी चष्मा दोनदा पुसला. गोदामाच्या वहीत लिहायचे तशा सुबक अक्षरात त्यांनी लिहिलं: 'माझा मुलगा झुबेर सध्या बेकार आहे.' सही केली. पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं आणि सहीच्या खाली आणखी एक ओळ घातली: 'परंतु तो अतिशय हुशार असून, इन्शाल्ला, लवकरच मोठ्या पदावर लागेल.'

"चाचा!" जयप्रकाश ओरडला. "खोडा ते! ऑफिसात कोणी वाचलं तर दर महिन्याला चौकशीला येतील!"

"पण खरं आहे ते."

"घर हवंय ना?"

हुसैनमियाँनी आतल्या घोरण्याचा आवाज ऐकला, शकीलाबींकडे पाहिलं आणि ती ओळ खोडली. पण इतक्या हलक्या हाताने, की खालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.