काळ्या कोटातला फ्लेक्स

कायद्याचं माझ्यापुढे कोणी बोलूच नये! वाशीला एका वकिलांच्या ऑफिसात बावीस वर्षं मी नोटिसा टाइप केल्यात. परीक्षा तेवढी द्यायची राहिली, एवढंच!

त्यामुळे माझ्या वाढदिवसाला पुतण्या मितेशने नावड्याच्या नाक्यावर भलामोठा फ्लेक्स लावला, माझ्या फोटोला काळा कोट चढवला आणि खाली 'सुप्रसिद्ध अ‍ॅड. कमळाकर' छापलं, तेव्हा मी काही हरकत घेतली नाही. खोटं कशाला बोलू? त्या आठवड्यात मी दिवसातून चारदा नाक्यावर दूध आणायला जात होतो.

पाचव्या दिवशी गावातला सयाजी दारात!

"दादा, मना न्याव पायजे! कॉलनीवालीच्या एसीचा पानी माज्या जवल्यावर पडतंय!"

भिंतीलगत वाळत घातलेला त्याचा जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, रोज भिजत होता.

"अरे, तिला जाऊन सांग ना."

"नाक्यावर वकील लावलाय, मंग मी कशाला सांगू?"

मुद्दा बिनतोड होता. मी झोकात नोटीस टाइप केली. 'तीन दिवसांत पाणी थांबवा, अन्यथा फौजदारी!' खाली सही, सहीआधी 'अ‍ॅड.'

दुसऱ्याच दिवशी एक तरुण बाई नोटीस घेऊन हजर. घाबरली बिचारी!

"बसा. माफीनामा आणलात?"

"मी स्मिता. एसी माझाच. काका, तुमचा सनद नंबर काय?"

"कसला?"

"वकिलीच्या परवान्याचा. माझ्याकडे आहे. मी पनवेल कोर्टात वकील आहे."

माफीनाम्यासाठी पुढे केलेला हात मी हळूच मागे घेतला.

"परवान्याशिवाय वकिली केली तर सहा महिने कैद होऊ शकते. ठाऊक आहे ना?"

ठाऊक? ते कलम मी दोनदा टाइप केलं होतं! वाचलं मात्र नव्हतं.

आमची सरस्वती पळी घेऊनच बाहेर आली. "सा मयने? आनि पुढल्या मयन्यान नमिताची हलद हाय! पोरीला हलद लावाला बापूस जेलातून येल का?"

दाराआड आमची नमिता उभी होती. तिचा रडवेला चेहरा पाहिला आणि माझी सगळी वकिली उतरली. मी हात जोडले.

"ताई, चुकलो. काय ती शिक्षा सांगा, पण पोरीची हळद होऊ द्या."

स्मिताताई जरा विरघळल्या. "एसीचा पाइप मी आजच फिरवते. तुम्ही एक करा. वकील म्हणून नाक्यावर झळकलात ना? आता तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, वकील नाही म्हणून जाहीर करा."

मितेशने संध्याकाळच्या आत फ्लेक्स लावला. चारी बाजूंना फुलं, फटाके, गॉगल घातलेले चाळीस शुभेच्छुक! मधोमध मी, आणि वर लाल अक्षरांत: 'आमचे लाडके काका कमळाकर वकील नसल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

"अरे गाढवा, अभिनंदन कसलं?"

"काका, फ्लेक्सवर दुसरा काय लिवतात?"

शिवाय फोटो तोच, काळ्या कोटातला!

नमिताची हळद दणक्यात झाली. जावयाकडच्या मंडळींनी फ्लेक्सखाली उभं राहून सेल्फी काढले. फ्लेक्स अजून तिथेच आहे.

दूध मात्र हल्ली सरस्वती आणते.