साळोबाची बिनब्रेकची सायकल

एका जंगलात, मुलांनो, वारा फुकट होता, पाणी फुकट होतं आणि सल्लाही फुकट होता. विकत मिळायची ती फक्त सायकल. त्यामुळे सगळे सायकलीच्या मागे लागले होते.

त्याचं असं झालं. शेजारच्या जंगलात ट्रायथलॉन नावाची शर्यत होते, असं सिंहमहाराजांच्या कानावर आलं. आधी तळं पोहायचं, मग सायकलवरून डोंगराला दोन फेऱ्या मारायच्या आणि मग वडापर्यंत पळत सुटायचं. "आपल्याकडे का नाही?" महाराज म्हणाले. महाराजांनी प्रश्न विचारला की त्याला आपल्या या जंगलात हुकूम म्हणत. तेव्हापासून दरवर्षी शर्यत होऊ लागली.

पहिले नेहमी महाराजच येत. त्यांच्या पुढे जायचं नाही असा नियम कुठेच नव्हता, पण तो सगळ्यांना पाठ होता. खरी चुरस असायची शेवटी न येण्याची. कारण जो शेवटी येईल त्याने वर्षभर रोज संध्याकाळी महाराजांची आयाळ विंचरायची, अशी रीत होती.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तर ऐका. आयाळ विंचरून घेताना महाराज गोष्ट सांगत. तरुणपणी त्यांनी एक रेडा मारला होता, त्याची. रोज तीच गोष्ट. रेडा मात्र रोज थोडा वाढायचा. आणि ऐकणाऱ्याने अधूनमधून "काय सांगता, महाराज" असं म्हणत राहायचं.

गेल्या वर्षी शेवटी आला होता साळोबा. साळोबा म्हणजे साळिंदर. गरीब, कामसू, कंदमुळं खाऊन राहणारं. त्याच्याच पाठीवरचे काटे कंगव्याला बरे पडतात, हेही महाराजांच्या ध्यानात आलं होतं. त्यामुळे वर्षभरात साळोबाची एकही संध्याकाळ घरी गेली नाही. धाकटी पोरं त्याला काका म्हणू लागली. एकदा तर "काका, बाबा घरी नाहीत, नंतर या," असं म्हणून त्यांनी दारच लावून घेतलं. साळोबाला ते फार लागलं. बिळाबाहेर बसून तो रडला.

"यंदा शेवटी यायचं नाही," तो बायकोला म्हणाला. "मला शर्यतीची सायकल घ्यायची आहे. वारा कापणारी."

त्याच्या बायकोचं नाव साळू. "आहे त्या सायकलीला काय झालं?" तिने विचारलं.

"ती कंद आणायची सायकल आहे. तिला मागे टोपली आहे."

"मग टोपली काढा."

मुलांनो, गोष्ट खरं तर इथेच संपायला हवी होती. पण शहाणा सल्ला घरातच मिळाला की त्याला कोणी विचारत नाही. साळोबाने तोंड एवढंसं केलं. शेवटी साळूचं मन विरघळलं. तिने कोठार उघडलं.

"यातले अर्धे कंद न्या," ती म्हणाली. "उरलेले पावसाळ्याला लागतील. एक जरी जास्त गेला ना, तर पावसाळ्यात ती सायकलच उकडून वाढीन."

तळ्याकाठी उंबराच्या ढोलीत खंड्याचं सायकलींचं दुकान होतं. खंड्या म्हणजे तो निळा, लांब चोचीचा, मासे पकडणारा पक्षी. साळोबा पोतं पाठीवर घेऊन तिथे गेला.

"या, बसा," खंड्या म्हणाला. "शर्यतीची पहिलीच ना? मग आधी माझ्याकडे बघा. चोच बघा. मी पाण्यात शिरतो तेव्हा पाण्याला पत्ता लागत नाही. वारा कापणारी अशी ठेवण, याला म्हणतात एरो."

मग त्याने साळोबाला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. वारा अडवायला त्याच्या अंगावर काय काय उभं आहे, ते त्याला स्वच्छ दिसलं. पण तो दुकानदार होता.

"ही बघा," तो म्हणाला. "अस्सल कार्बनची. एका बोटाने उचलता येते."

"पण माझं बजेट थोडं आहे."

"बजेट नका सांगू, साळोबा. स्वप्न सांगा."

"संध्याकाळी घरी जेवायचं आहे," साळोबा म्हणाला.

इतकं स्वस्त स्वप्न खंड्याने आजवर ऐकलं नव्हतं. तो जरा हिरमुसला. मग त्याने कोपऱ्यातून कोळिष्टकं झटकून एक जुनी सायकल काढली. तिच्या हँडलवर पुढे शिंगांसारखे दोन दांडे बसवलेले होते. त्या शिंगांवर कोपरं टेकायची, मान खाली घालायची आणि पालथं पडून सायकल हाकायची.

"भेकराची होती," खंड्या म्हणाला. "एकदाच बसला."

"एकदाच का?"

"उतार लागला."

साळोबाने पालथं पडून पाहिलं. "पुढचं काही दिसत नाही हो."

"पुढचं बघायची गरज हळू जाणाऱ्यांना पडते."

"आणि ब्रेक कुठे आहेत?"

"ब्रेकचे कंद वेगळे पडतील. पण मला एक सांगा, ब्रेक लावला की काय होतं?"

"सायकल थांबते."

"मग तुम्ही शर्यतीला निघालात की थांबायला?"

साळोबाने ब्रेक सोडून दिले. टायरचंही तेच झालं. शर्यतीतले टायर दोरीएवढे बारीक असतात, ते त्याने पाहिलं होतं. पण बारीक टायर महाग होते. पोत्यातल्या कंदांत चिखलात चालवायचे जाडजूड टायर तेवढे बसले. साळोबाने पोतं रिकामं केलं आणि सायकल ढकलत घरी आणली.

साळूने सायकलीभोवती एक फेरी मारली. "ब्रेक?"

"ते वेगळे."

"अहो, ब्रेक घ्या."

"कंद संपले."

साळूने कपाळावर हात मारला.

शर्यतीचा दिवस उजाडला. पोहताना साळोबा शेवटी राहिला. सायकलवर बसतानाही शेवटीच. पालथा पडून, मान खाली घालून त्याने पाय मारायला सुरुवात केली. वारा अंगावर आला आणि काट्यांत अडकून तिथेच बसला. पुढचे सगळे दिसेनासे झाले. साळोबाला आयाळ दिसू लागली. रेडा दिसू लागला.

तेवढ्यात डोंगराचा उतार लागला.

सायकल सुटली. साळोबाने सवयीने ब्रेक दाबायला बोटं पसरली. ब्रेक दुकानात होते. आता साळिंदर घाबरलं की त्याचे काटे उभे राहतात आणि सैल असतील ते झडतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. साळोबा इतका घाबरला की घट्ट होते तेही झडले. उतारभर काट्यांचा सडा पडला. उतार संपला तेव्हा सायकलवर एक गुळगुळीत, गोरा, कोणीतरी अनोळखी प्राणी बसला होता.

दुसऱ्या फेरीला महाराज सगळ्यांच्या पुढे त्या उतारावर आले. फस्स. मागोमाग ससा आला. फस्स. मग सांबर, मग कोल्हा, मग अख्खं जंगल. दोरीएवढे टायर ते, टिकणार किती?

सगळे रस्त्याकडेला बसून पंक्चर काढत होते, तेव्हा वरून साळोबा आला. आता तो घाबरला नव्हता. घाबरायला काटेच उरले नव्हते. वारा पहिल्यांदाच त्याला पाहून बाजूला झाला. जाडजूड टायर काट्यांवरून खडखडत गेले. मान खाली होती, त्यामुळे आपण कोणाकोणाच्या पुढे चाललो आहोत हे त्याला कळलंच नाही. खाली करवंदीच्या जाळीत शिरून सायकल थांबली. साळोबा उठला आणि पळत सुटला.

वडाजवळ साळू पोरांना घेऊन उभी होती. "अहो, तुमचे काटे कुठे गेले?" तिने विचारलं. धाकट्याने त्याला निरखून पाहिलं आणि चक्क "बाबा" अशी हाक मारली. साळोबाने मागे वळून पाहिलं. मागे कोणीही नव्हतं. मुलांनो, त्या क्षणी त्याच्याएवढं सुखी जंगलात दुसरं कोणी नव्हतं. रात्री काय जेवायचं हेसुद्धा त्याने साळूला सांगून टाकलं.

इकडे उतारावर महाराज एकटेच बसले होते. त्यांना राज्य चालवता येत होतं, पंक्चर काढता येत नव्हतं. कोणीतरी येऊन काढून देईल, अशी त्यांची समजूत होती. पण शेवटी राहण्याची धास्ती महाराजांच्या धाकाहून मोठी निघाली. आपलं पंक्चर निघालं की जो तो उजवीकडची झाडं न्याहाळत पुढे सटकत होता.

महाराज सायकल ओढत वडाजवळ आले तेव्हा ऊन कललं होतं. शेवटी कोण आलं ते दिसत होतं. पण म्हणणार कोण?

महाराजांनी जमलेल्यांवरून नजर फिरवली.

"आयाळ विंचरणं ही शिक्षा आहे, असं तुम्हाला कोणी सांगितलं?" ते म्हणाले. "तो मान आहे. आणि मान नेहमी पहिल्या आलेल्याचा असतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या सशाने वाजवल्या. तो दुसरा आला होता.

"पण महाराज," साळोबा कसाबसा म्हणाला, "माझे काटे झडले आहेत."

"येतील पुन्हा. तोवर हाताने विंचर. बैस इथे. तुला मी रेड्याची गोष्ट सांगितली आहे का?"

साळोबाने साळूकडे पाहिलं. साळूने डोळे पुसले आणि पोरांना जवळ घेतलं.

"तरी मी म्हणत होते," ती म्हणाली, "ब्रेक घ्या."

आणि पोरांना घेऊन ती घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून खंड्याच्या दुकानापुढे रांग लागली. पहिलं यायचं नाही आणि महाराजांना शेवटी सोडायचं नाही, एवढीच आता सगळ्यांची इच्छा होती. खंड्याने ब्रेकचा भाव सायकलीपेक्षा जास्त लावला.

तात्पर्य: शर्यतीची पहिली सायकल घेताना वारा कुठून येतो ते पाहत बसू नये. राजा कितवा येणार आहे, याची चौकशी करावी आणि ब्रेक त्याप्रमाणे घ्यावेत.